या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी

मॅडम, नमस्कार. मी कळंब्याला राहते. वय २८, गोकुळ शिरगावला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. लग्नाला तीन वर्षं झाली, पहिल्यांदाच दिवस गेलेत. माझी पाळी पहिल्यापासून लांबते, ३८-४० दिवसांनी येते. ह्या वेळी राहवलं नाही म्हणून ३४व्या दिवशीच घरी टेस्ट केली, एकच रेघ आली. ४२व्या दिवशी परत केली तेव्हा दोन आल्या, दुसरी जरा फिकट. काल गुरुवारी सोनोग्राफी झाली. आधी पोटावरून, मग आतून. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. रिपोर्टमध्ये लिहिलंय: पाळीनुसार ७ आठवडे ५ दिवस, गर्भाची पिशवी सरासरी १४ मिमी, योक सॅक दिसते, गर्भ २.८ मिमी, ठोके दिसत नाहीत, आणि शेवटी 'मिस्ड अबॉर्शन', म्हणजे गर्भ आतच थांबलाय, असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह. जिथं नाव घातलंय तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, वाढ जवळजवळ दोन आठवडे मागं आहे, सोमवारी उपाशीपोटी या, पिशवी साफ करून टाकू. मला दुखत नाही, अंगावर जात नाही, मळमळ अजून आहे. सासूबाई म्हणतात, दिवस गेल्याचं कळायच्या आधी जोतिबाचा डोंगर चालत चढलीस, त्यातच झालं. मावसबहिणीला ठोके उशिरा आले होते, ती म्हणते थांब. मिस्टर म्हणतात डॉक्टर सांगतात तसं करूया. मला काहीच सुचंना झालंय. बाळ आहे का नाही, एवढंच सांगा.
– एक वाचक, कोल्हापूर

तुझं पत्र शुक्रवारी रात्री वाचलं आणि सदराच्या वाराची वाट न बघता शनिवारीच उत्तर देतेय, कारण तुझा सोमवार जवळ आलाय. तू विचारलंस त्याचं खरं उत्तर असं की, बाळ वाढतंय का नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही. मला नाही आणि तुझ्या डॉक्टरांनाही नाही. दोन्हींपैकी काहीही असू शकतं. म्हणून सोमवारी उपाशीपोटी जायचं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी परत सोनोग्राफी करायची आणि मग ठरवायचं. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण घरात तुला हे सगळ्यांना समजावावं लागणार आहे.

रिपोर्टच्या आधी तुझ्या पत्रातली एक ओळ घेते. ३४व्या दिवशी एक रेघ, ४२व्या दिवशी दोन. तू हे सहज लिहून गेलीस, पण सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे.

रिपोर्टवर जे '७ आठवडे ५ दिवस' लिहिलंय ते मशीननं तुझ्या पोटात बघून काढलेलं नाही. तू शेवटच्या पाळीची तारीख सांगितलीस, तिथून दिवस मोजले, ५४ भरले, एवढंच. ह्या मोजणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाळी २८ दिवसांची आणि अंडं फुटतं चौदाव्या दिवसाच्या आसपास. तुझी पाळी ३८ ते ४० दिवसांची. अंडं साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी फुटतं, म्हणजे तुझ्यात ते २४ ते २६व्या दिवशी. सरळ दहा-बारा दिवसांचा फरक. आता तुझ्या टेस्टकडं बघ. अंडं चौदाव्या दिवशी फुटलं असतं तर ३४व्या दिवशी त्याला वीस दिवस झाले असते आणि दोन ठळक रेघा यायला हव्या होत्या. आली एकच. पंचविसाव्या दिवशी फुटलं असेल तर ३४व्या दिवशी जेमतेम नऊ दिवस झालेले, तेव्हा एकच रेघ येणार. आणि ४२व्या दिवशी सतरा, तेव्हा दोन येणार. अगदी तसंच झालं. तुझा गर्भ उशिरा राहिलाय ह्याचा हा घरच्या घरी मिळालेला पुरावा आहे. डॉक्टरांना तू हे सांगितलं होतंस का? बहुतेक नसशील. सोनोग्राफीच्या खोलीत विचारतात 'शेवटची पाळी कधी?', आपण तारीख सांगतो आणि गप्प बसतो.

तर ५४ मधून अकरा वजा कर. उरले ४३ दिवस, म्हणजे ६ आठवडे १ दिवस.

आता रिपोर्टमधल्या मोजमापांवरून तोच हिशेब करून बघ. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाची पिशवी आणि गर्भ दोन्ही दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. त्यावरून आम्हा डॉक्टरांकडं एक ढोबळ आडाखा आहे: पिशवीच्या सरासरी मापात ३० मिळवले की दिवस येतात, गर्भाच्या लांबीत ४२ मिळवले की दिवस येतात. तुझी पिशवी १४, म्हणजे ४४ दिवस. गर्भ २.८, म्हणजे जवळपास ४५. पाळीची लांबी आणि टेस्ट धरून ४३ आले होते. एखाददुसऱ्या दिवसाचा फरक ह्या मापात काहीच नाही. मग 'दोन आठवडे मागं' कुठं आहे? पाळीच्या तारखेनं मागं आहे, बाकी कशानंच नाही.

म्हणजे सगळं ठीक आहे असं म्हणू का? नाही म्हणत. सहा आठवड्यांच्या आसपास आतून केलेल्या सोनोग्राफीत बऱ्याचदा ठोके दिसायला लागलेले असतात. २.८ मिलिमीटरच्या गर्भात ते पुष्कळदा दिसतात आणि पुष्कळदा दिसत नाहीतही. दिसले असते तर मला बरं वाटलं असतं. दिसले नाहीत, म्हणून काळजीला जागा आहे. पण काळजीला जागा असणं आणि निदान पक्कं होणं ह्यात अंतर आहे, आणि ते अंतर नेमकं किती हे जगभरच्या डॉक्टरांनी आकड्यांत ठरवून ठेवलंय.

पडद्यावर काय बघतात ते आधी सांगते, कारण तू त्या खोलीत पडून घाबरून गेली असशील आणि तुला काही दिसलं नसेल. गर्भाशयाच्या करड्या भिंतीत एक काळी, लांबट गोल जागा दिसते, तिच्याभोवती पांढरी कड. ती गर्भाची पिशवी. तिच्यात बारक्या अंगठीसारखं एक पांढरं कडं दिसतं, ती योक सॅक. साधारण साडेपाच आठवड्यांना ती दिसायला लागते. ती दिसली ह्याचा तुझ्यासाठी एक मोठा अर्थ असा की गर्भ नळीत नाही, गर्भाशयातच आहे. ही भीती डोक्यातून काढून टाक. त्या कड्याला चिकटून एक बारीक पांढरा दाणा असतो, तो गर्भ. आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकतं, ते ठोके. तुझ्या गर्भाचा आकार सध्या बाजरीच्या दाण्याएवढा आहे. त्या दाण्यातलं लुकलुकणं शोधायचंय. मशीन चांगलं असलं, हात सराईत असला, तरी एवढ्या बारीक वस्तूत 'दिसत नाही' ह्यावरून 'नाही' असं म्हणता येत नाही.

म्हणून मर्यादा ठरली आहे ती ७ मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आणि तरी ठोके नाहीत, तर गर्भ वाढत नाही हे नक्की म्हणता येतं. पिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा मोठी आणि आत गर्भच नाही, तरी नक्की. ह्याच्या आत असेल तर फार तर 'शंका' म्हणायचं आणि परत बघायचं. तुझा गर्भ २.८, पिशवी १४. दोन्ही आकडे मर्यादेपासून लांब आहेत. रिपोर्टवर प्रश्नचिन्ह आहे ते ह्याचसाठी. ज्यांनी सोनोग्राफी केली त्यांनी ते विचार करून टाकलंय.

हे आकडे पूर्वी असे नव्हते. अमेरिकेत ५ मिलिमीटरचा गर्भ आणि १६ मिलिमीटरची रिकामी पिशवी धरायचे, ब्रिटनमध्ये ६ आणि २०. २०११ साली ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं की एकच पिशवी दोन सराईत डॉक्टरांनी मोजली तरी मापात फरक पडतो, आणि जुन्या मर्यादा धरल्या तर चांगला वाढणारा गर्भ चुकून गेलेला ठरू शकतो. तिथं मर्यादा वाढवल्या. पुढं २०१२ मध्ये अमेरिकेत रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं तज्ज्ञ बसवले आणि २०१३ मध्ये ७ आणि २५ हे आकडे छापून आले. आज सगळीकडं हेच धरतात.

मला हे बदललेले आकडे पुस्तकात वाचायच्या आधी एका पेशंटनं शिकवले होते. २००५च्या पावसाळ्यातली गोष्ट. पंचगंगेच्या पलीकडच्या एका गावची बाई, दुसरं बाळंतपण, पिशवी १७ मिलिमीटर आणि आत गर्भ दिसत नव्हता. तेव्हाच्या नियमानं मी तिला 'रिकामी पिशवी' सांगितलं आणि दोन दिवसांनी साफ करायला बोलावलं. त्या आठवड्यात नदीला पूर आला, रस्ते बंद झाले. ती आली ती बारा दिवसांनी, चिखलानं भरलेल्या चपला दारात काढून, उशीर झाला म्हणून माझीच माफी मागत. भूल द्यायच्या आधी सहज परत सोनोग्राफी केली. पडद्यावर ठोके लख्ख दिसत होते. मी तिला काही क्षण काही सांगूच शकले नाही. चूक माझी होती आणि ती पुरानं सावरली होती. त्या दिवसापासून दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय मी कुणाची पिशवी साफ केली नाही.

ही गोष्ट तुला आशा लावायला सांगत नाही. तिच्यानंतर मी कितीतरी जणींना थांबवलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचे ठोके आलेच नाहीत. तुझ्या मावसबहिणीला आले म्हणून तुला येतील असं नाही. मळमळ अजून आहे ह्यावरूनही काही ठरत नाही. गर्भ थांबल्यावरही ती काही दिवस राहू शकते. थांबायचं ते ह्यासाठी की पुढच्या वेळी जे कळेल ते पक्कं असेल. वाईट निघालं तरी 'मी घाई केली का' हा प्रश्न तुला आयुष्यभर छळणार नाही.

किती थांबायचं? ह्यालाही नियम आहे. पहिल्या सोनोग्राफीत योक सॅक असलेली पिशवी दिसली असेल, आणि त्यानंतर ११ किंवा जास्त दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तर निदान पक्कं. योक सॅकसुद्धा दिसली नसती तर १४ दिवस धरायला लागले असते. तुझी सोनोग्राफी गुरुवारी झाली, तिथून अकरावा दिवस पुढचा सोमवार येतो. चार दिवसांत परत बघू नकोस. तेवढ्यात फरक कळण्याएवढी वाढ होत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो.

त्या सोमवारी सगळं नीट चाललेलं असेल तर गर्भ १२-१४ मिलिमीटरच्या आसपास असेल आणि ठोके स्पष्ट दिसतील, मिनिटाला १२०च्या वर. ठोके ऐकवा म्हणून हट्ट करू नकोस; इतक्या लवकर डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकवणारी सोय, लावणं टाळतात, पडद्यावर मोजलेले पुरतात. ठोके नसतील, किंवा गर्भ जिथल्या तिथं असेल, तर तो गेलाय. आणि कधी कधी तिसरंच होतं: ठोके आहेत पण फार संथ, वाढ आहे पण तोकडी. तेव्हा आणखी एक आठवडा जातो. तो आठवडा सगळ्यात अवघड, हे आधीच सांगून ठेवते.

आता तुझ्या डॉक्टरांशी बोलायचं. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, त्या तुझ्या वाईटावर नाहीत. त्यांच्यासमोर पाळीची तारीख होती आणि तुझी पाळी किती दिवसांची हे बहुतेक नव्हतं. फोन कर किंवा मिस्टरांना घेऊन जा आणि एवढंच म्हण: 'मॅडम, माझी पाळी ४० दिवसांची आहे, ३४व्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह होती. गर्भ २.८ आहे, ७च्या आत आहे. मला त्रास काही नाही. अकरा दिवसांनी परत बघून मग ठरवूया का?' बहुतेक डॉक्टर लगेच हो म्हणतील. नाही म्हणाल्या तर दुसरं मत घे, त्यात अपमान कुणाचाच नाही. दुसऱ्या सेंटरला जाणार असशील तर डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि हा रिपोर्ट बरोबर ने. १९९४च्या गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यानं गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म भरावाच लागतो, सही मागितली म्हणून बिचकू नकोस. जमलं तर ज्यांनी आधी केली त्यांच्याकडंच परत कर. एकाच मशीनवर, एकाच हातानं घेतलेली दोन मापं जास्त नीट जुळवता येतात.

मधल्या दिवसांत रक्ताच्या तपासण्यांच्या मागं लागू नकोस. बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन मोजणारी तपासणी, कामाची असते ती पडद्यावर काही दिसत नसताना. गर्भ दिसल्यावर सोनोग्राफीच मोठी. 'गर्भ टिकायच्या' गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर घे, पण त्यांनी ठोके येतात असं मनात धरू नकोस. फोलिक अॅसिड चालू ठेव. कामावर जायला हरकत नाही. पडून राहिल्यानं काही फरक पडत नाही, आणि घरात बसून दिवसभर छताकडं बघण्यापेक्षा हिशेबाच्या वह्या बऱ्या.

थांबण्यात धोका आहे का, हे मिस्टर विचारतील. तुला ताप नाही, रक्तस्राव नाही, गर्भ जागेवर आहे; अशा बाईनं दहा-बारा दिवस थांबल्यानं नुकसान होत नाही. पण तासाला दोन मोठे पॅड भिजतील एवढं जायला लागलं आणि दोन तास तसंच चालू राहिलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात असह्य कळ आली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सोमवारची वाट न बघता निघायचं. रात्री-अपरात्री सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल उघडं असतं, १०८ ला फोन लावायचा. थोडा तपकिरी डाग दिसला तर फक्त डॉक्टरांना कळव. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधीच सांगून ठेव, इंजेक्शन लागेल का ते त्या बघतील.

जोतिबाच्या डोंगराचं राहिलं. ह्यावर मी मुद्दाम थांबतेय, कारण तुझ्या पत्रातली ती ओळ मला सगळ्यात जास्त लागली. डोंगर चढल्यानं गर्भ पडत नाही. स्कूटरवरून कागलच्या हायवेनं रोज जाण्यानं पडत नाही. पपईची फोड खाल्ल्यानं नाही, तांबड्या रश्श्यानं नाही, पाण्याची घागर उचलल्यानंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ते अंडं आणि बीज एकत्र येताना ठरून जातं, तू डोंगराची पहिली पायरी चढायच्या आधी. ह्या गावच्या किती बायका पोटुशी असताना उसाच्या फडात वाकून काम करतात, आणि त्यांची बाळं होतात. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांग. रागानं बोलत असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या काळी कुणी कारण सांगितलं नाही, म्हणून बाईच्या चालण्या-खाण्यातच ते शोधायची सवय लागली. हवं तर हे उत्तरच त्यांना वाचायला दे.

आणि पुढच्या सोमवारी ठोके नसलेच, तर तेव्हाही घाई नाही. तीन वाटा असतात: आपोआप पडायची वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, किंवा पिशवी साफ करून घ्यायची. तुझी तब्येत चांगली असेल तर तिन्हींपैकी कुठलीही चालते, आणि निवडायचा हक्क तुझा. साफ करायचं ठरलं तर एक प्रश्न नक्की विचार: ओढून काढणार की खरवडून? हवेच्या दाबानं ओढून काढणं जास्त सुरक्षित आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. खरवडण्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा व्हायची शक्यता जास्त, आणि तुला ते अस्तर पुढच्या वेळी लागणार आहे. एकदा असं झालं म्हणून पुढचं बाळंतपण अवघड होत नाही. माझ्याकडच्या कितीतरी जणींचं त्यानंतरचं बाळ आज कॉलेजात आहे.

त्या दिवशी एकटी जाऊ नकोस. मिस्टरांना खोलीत तुझ्याजवळ उभं राहू देतील का, हे आधी फोन करून विचारून ठेव. डॉक्टर परत बराच वेळ गप्प राहिल्या तर तूच विचार, 'माप किती आलं?' २.८ हा आकडा लक्षात ठेव. त्याच्या पुढं काय येतं ते त्यांच्या तोंडून ऐक, आणि मग मला दोन ओळी लिही.